पदूचं लायसन

शिवणाची सुई घ्यायची आणि तिचं टोक सहाणेवर घासून चौकोनी करायचं, म्हणजे तिला चार धारा येतात. ती सुई कार्बोरेटरच्या जेटच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या पितळी तोटीच्या, छिद्रात घालून चिमटीत फिरवली की पितळ खरवडलं जातं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. एक फेरा द्यायचा, जेट फुंकायचं आणि माप घ्यायचं. पदूचं माप म्हणजे बूड कापलेली औषधाची बाटली. ती उलटी धरून तिच्या तोंडात जेट बसवायचं, खुणेपर्यंत पेट्रोल भरायचं आणि जेटखालचं बोट काढायचं. जुन्या जेटमधून बाटली रिकामी व्हायला एकशेचाळीस आकडे लागायचे. पदूचे आकडे हेमचंद्रांच्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलेले होते. दोन मिनिटांत एकाचाही फरक पडत नसे.

"किती झाले?" हेमचंद्रांनी विचारलं.

"शंभराला दोन कमी."

"नव्वदवर आण."

"एका दमात नको, भाऊसाहेब. भोक मोठं करता येतं, बारीक नाय करता येत."

"मला शिकवतोस?"

"नाय जी."

हेमचंद्र गुप्ते म्हणजे खालापूरच्या गुप्ते वकिलांचे धाकटे चिरंजीव. मुंबईच्या कॉलेजात सायन्सच्या परीक्षेला दोनदा बसून दोनदा नापास झाले आणि घरी परतले. वडिलांनी खोपोलीच्या रस्त्यावर त्यांना पत्र्याची शेड घालून दिली. पुण्याला जाणाऱ्या मोटारी घाट चढण्याआधी तिथे पाण्याला, हवेला थांबत. हेमचंद्र आवाज कधी चढवत नसत. कुणाला लागेल असं बोलायचं असलं की उलट ते आवाज खाली आणत, त्यामुळे ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे.

पदू शेडवर नऊ वर्षं होता. वरच्या ठाकरवाडीतला. आला तो मोटारी पुसायला, आणि पुसता पुसता त्याचा कान तयार झाला. इंजिन चालू असताना तो मान कलती करून उभा राही आणि सांगे, तिसरा सिलिंडर उपाशी आहे, किंवा पेट्रोल जास्त पितंय, हवा कमी पडतेय. प्लग काढून बघितला की तसंच निघे. भाजल्या नाचणीच्या पिठाचा रंग असला तर ठीक, काजळी असली तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असला तर कमी. पुण्याचे ड्रायव्हर आता हेमचंद्रांना न विचारता सरळ पदूला हाक मारत. हेमचंद्रांना ते दिसत होतं.

पदूला गाडी चालवता येत होती. शेडमधून बाहेर काढायची, वळवायची, धुवायच्या जागी लावायची, हे तो रोज करी, सीटवर गोणपाट अंथरून. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी गोणपाट सीटवर ठेवलेलं होतं, त्यावरून तो समजला. पण शेडच्या अंगणापुढे रस्ता सुरू झाला की उतरायचं. एकदा एक गाडी वळवताना तिची पुढची चाकं सडकेवर गेली, तेवढ्यात एका शिपायानं त्याला दंडाला धरून खाली ओढलं आणि चार ड्रायव्हरांदेखत विचारलं, "लायसन?" ते चौघे हसले. ज्यांच्या गाड्या त्यानं बऱ्या केल्या होत्या तेच.

लायसन अलिबागहून येई. अर्जावर मालकाची सही लागे की हा इसम माझ्याकडे इतकी वर्षं आहे आणि चालीनं चांगला आहे. हेमचंद्रांनी अर्ज भरून ठेवलेला होता आणि पदूला वाचून दाखवला होता. पदू लडकू. आडनावाच्या जागी रेघ. सही तेवढी राहिली होती.

"शरदची गाडी मागे पडली," हेमचंद्र म्हणाले होते, "की त्याच दिवशी सही करतो."

शरद म्हणजे शरच्चंद्र प्रधान, कर्जतचे तांदळाचे व्यापारी, हेमचंद्रांचे मावसभाऊ. त्यांनी सहा सिलिंडरची नवी गाडी घेतली होती. एका मुंजीत भर पंगतीत ते म्हणाले, "हेमूची गाडीपण घाट चढते बरं का. बैलांच्या मागून." पंगत हसली. हेमचंद्रांनी हातातला घास खाली ठेवला आणि तिथेच ठरलं: माघातला दुसरा रविवार, खोपोलीच्या नाक्यापासून खंडाळ्यापर्यंत.

हेमचंद्रांची गाडी बारा वर्षांची, चार सिलिंडरची, कापडी टपाची. तिच्यात जोर आणायचा म्हणून त्यांनी इंजिनाचं डोकं घासून पातळ करून घेतलं, म्हणजे आतला वायू जास्त दाबला जातो आणि धक्का जोरात बसतो. पण त्या दाबाला साधं पेट्रोल टिकेना. चढावर इंजिन खडे भरलेल्या डब्यासारखं वाजायला लागलं. पुस्तकात असं निघालं की शर्यतीवाले पेट्रोलमध्ये स्पिरिट घालतात. त्यानं आवाज जातो, इंजिन थंड राहतं, फक्त जेट मोठं करावं लागतं. आणि स्पिरिट सरकारी परवान्याशिवाय मिळत नव्हतं.

"तुमच्या वाडीवर मोहाची काढतात ना?" हेमचंद्रांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मावशी काढते," पदू म्हणाला. लगेच म्हणाला, आणि थोड्या अभिमानानंच म्हणाला. "तिच्यासारखी कोण नाय काढत."

धोंडूबाई पदूच्या आईची बहीण. आई गेली तेव्हा पदू रांगत होता. तिनं त्याला वाढवलं. तिच्या हातची दारू लग्नाकार्याला चार वाड्यांवर जाई. ती धार बोटावर घेऊन चाखत नसे. पळीभर निखाऱ्यावर टाकी आणि ज्वाळेकडे बघे. पण पाच वर्षांपूर्वी अबकारीवाल्यांनी तिला पकडलं, तीन महिने तुरुंगात काढून ती आली, आणि तेव्हापासून भट्टीचं मडकं पालथं होतं. दुसऱ्यांदा सापडलं तर सहा महिने, हे तिला तिथेच सांगितलं होतं.

"तीनदा काढायची?" तिनं विचारलं. "एकदाची आन् दोनदाची म्हायत हाय. तीनदाची पिऊन मानूस मरंल रं."

"मानसाला नको, मोटारीला पायजे."

"आन् मोटार झिंगली तर तिला घरी कोन आननार? तिची बायको?"

पदू हसला. मग चुलीतलं लाकूड मागे ओढत ती म्हणाली, "कागद नक्की देनार का त्यो?"

"भरून ठेवलाय. मी बघितला. माजं नाव हाय त्यावर. बाचं पन हाय."

"लडकूचं?"

"व्हय."

तिनं मडकं उलटं केलं, धुतलं, आणि बांबूची नळी शोधायला माळ्यावर चढली.

तीनदा काढूनही दारूत पाणी राहत होतं. पेट्रोलच्या बाटलीत ओतली की दुधासारखं गढूळ व्हायचं आणि दोन थर वेगळे पडायचे. त्यावर हेमचंद्रांनी भट्टीतून नुकत्याच काढलेल्या चुनकळ्या पाठवल्या. चुना पाणी ओढून घेतो. धोंडूबाईनं चुनकळ्या दारूत घालून मडकं एक दिवस झाकून ठेवलं, वरची निवळ परत चुलीवर चढवली. चौथ्या वेळची धार तिनं निखाऱ्यावर टाकली. ज्वाळा इतकी निळी की उजेडात दिसेचना. हाताला धग लागली तेव्हा कळलं. पेट्रोलच्या बाटलीत ती पाण्यात पाणी मिसळावं तशी मिसळली.

"ही चांगली झालीय," ती म्हणाली. "प्यायची नाय म्हणून वाईट वाटतं."

तीन भाग मोहाची, एक भाग पेट्रोल असं ठरलं. जेट नव्वदवर आणलं तर प्लग काळे पडले. पदूनं नवं जेट घेऊन ते सत्त्याण्णवावर थांबवलं. प्लगवर नाचणीचा रंग आला. घाटात पहिल्या वळणापर्यंत दोनदा गाडी नेऊन बघितली. खडे वाजायचे थांबले होते. गाडी एखाद्या जनावरानं पाठ ताणावी तशी चढली. परतताना हेमचंद्र शीळ घालत होते. मोहाची मोजकीच होती, म्हणून दोन्ही वेळा पदूनं टाकी आणि कार्बोरेटर लगेच रिकामा करून ती परत बाटल्यांत भरली.

दुसऱ्या वेळी त्यानं कार्बोरेटरचं झाकण उघडलं. आतल्या वाटीत एक बूच तरंगतं. पेट्रोल भरलं की ते वर येतं आणि पेट्रोलची वाट बंद करतं. बुचाला लाखेचा लेप असतो, म्हणजे ते भिजत नाही. पदूनं ते हातात घेतलं तर बोटाला किंचित चिकट लागलं. त्यानं बोट चड्डीला पुसलं. धूळ बसली असेल असं त्याला वाटलं. लाकडाला पॉलिश करणारा सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे त्यानं दहा वेळा पाहिलेलं होतं.

शर्यतीच्या रविवारी सकाळी आठ वाजता टाकी भरली. शरच्चंद्र नवी गाडी घेऊन आले आणि पंच म्हणून शेजारी कुणाला बसवून आणलं, तर अबकारीच्या जमादारांना. "सरकारी माणूस असला म्हणजे निकालावर कुणाचा वाद नको," ते म्हणाले. जमादार जाडगेले, हसरे होते. हेमचंद्रांनी त्यांना नमस्कार केला, आणि हळूच गाडीच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं.

तेवढ्यात निरोप आला की वरच्या वळणावर लाकडांची गाडी उलटून रस्ता अडला आहे. मोकळा व्हायला दोन-तीन तास लागतील.

"काढून घेऊ का मंग?" पदूनं विचारलं. "परत भरू निघताना."

"या जमादारापुढे बाटल्या मांडून बसतोस?"

"कार्बोरेटर तरी रिकामा करतो. पेट्रोलचा नळ बंद करून."

"हात लावू नकोस," हेमचंद्र खालच्या आवाजात म्हणाले. पदूला पुढे वाकावं लागलं. "तुला जेवढं सांगतो तेवढं कर. डोकं मी चालवतो."

अकरा वाजून गेल्यावर गाड्या सुटल्या. पदू फूटबोर्डवर उभा होता, एका हातानं दार धरून, दुसरा हात बॉनेटच्या उघड्या बाजूतून आत, कार्बोरेटरच्या स्क्रूवर. चढ वाढेल तसं मिश्रण कानानं ऐकून कमीजास्त करायचं, हे त्याचं काम. पहिल्या दोन वळणांत नवी गाडी मागे पडली. तिसऱ्या वळणाला ती दिसेनाशी झाली. पदूच्या छातीत काहीतरी मोठं होत गेलं. त्याला अर्जावरची ती रिकामी जागा दिसत होती, सहीची.

शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे इंजिन एकदम गुळण्या केल्यासारखं बोललं. मागून काळा धूर आला. पदूनं स्क्रू आवळला. काही फरक नाही. त्याच्या मनगटावरून गार काहीतरी ओघळलं.

"थांबवा, भाऊसाहेब. बूच बुडालं. वरून सांडतंय."

"दोन वळणं राहिली."

"धुराच्या नळ्या तापल्यात. पेटंल."

"नळ बंद कर हातानं," हेमचंद्र म्हणाले आणि गिअर खाली घेतला.

ज्वाळा दिसली नाही. ऊन होतं. बॉनेटवरची हवा फक्त थरथरली, आणि पदूचा हात आत होता. त्याला आधी वाटलं, गरम पाणी पडलं. मग बाहीची कड तपकिरी होऊन आत वळायला लागली तेव्हा त्याला कळलं. त्यानं हात बाहेर काढला नाही. नळ सापडेपर्यंत चाचपत राहिला, सापडला, बंद केला, आणि मग खाली पडला. हेमचंद्र ब्रेक ओढून केव्हाच दुसऱ्या बाजूला उतरले होते. पदूनं उजव्या हातानं रस्त्याकडेची माती मुठीमुठीनं बॉनेटमध्ये टाकली. हेमचंद्र पलीकडून सांगत होते, "तिकडे. अजून तिकडे राहिलंय."

नवी गाडी मागून आली आणि थांबली. मदतीला नाही. शरच्चंद्र खिडकीतून वाकून म्हणाले, "काय रे हेमू, बैल सोडले वाटतं?" मग जमादार उतरले. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, कार्बोरेटरजवळ वाकले, दोनदा हुंगलं आणि त्यांचं हसू गेलं.

"ही तर मोहाची."

पदू डावा हात पोटाशी धरून बसला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"गाडी जप्त होते याच्यात," जमादार म्हणाले. "मालकावर खटला."

"मालक गाडी चालवतो, जमादारसाहेब," हेमचंद्र म्हणाले. "टाकीत काय घालायचं ते हा बघतो. मला दोन मिनिटं द्या. मी विचारून घेतो त्याला."

त्यांनी पदूला देवळाच्या मागे नेलं. सावली होती. हेमचंद्रांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उलगडला.

"ओळखतोस ना?"

"जी."

"आता नीट ऐक. दारू तू आणलीस म्हणालास तर तू तुरुंगात जाशील, आणि तुरुंगात गेलेल्याला लायसन मिळत नाही. मी आणायला सांगितली म्हणालास तर तुझं कोण ऐकणार, तू सांग. राहिली ती काढणारी."

हेमचंद्रांनी सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"तिनं पेट्रोल म्हणून बाटल्या दिल्या, तुला माहीत नव्हतं. एवढंच बोलायचं. म्हातारीला काय करतायत? दोन वेळचं जेवण आयतं मिळेल."

"ती एकदा जाऊन आलीय, भाऊसाहेब. आता सहा महिने. तिला खोकला हाय."

"मग सांग बाबा तुझंच नाव," हेमचंद्र आणखी हळू म्हणाले. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला, फाडायला धरतात तसा.

हात आता दुखायला लागला होता, हाडापर्यंत. पदूनं दहापर्यंत आकडे मोजले, जेट मापताना मोजायचा त्याच लयीत. मग तो देवळाला वळसा घालून जमादारांसमोर गेला आणि म्हणाला, "धोंडूबाई. वरच्या वाडीवर. शेवटचं घर. भट्टी परसात हाय, पेंढ्याखाली."

पेंढ्याचं कुणी विचारलं नव्हतं.

हेमचंद्रांनी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली. "साक्ष झाली की सही," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी जमादार शेडवर आले. वाडीवर सकाळीच छापा घातला होता. म्हातारी, मडकं आणि नळी दोन शिपायांच्या पहाऱ्यात खाली सडकेवर आणून बसवली होती, आणि खालापूरच्या कचेरीत न्यायला बैलगाडी मिळत नव्हती. हेमचंद्र लगेच म्हणाले, "आपली गाडी आहे की. हाच आणेल." गाडीला नवं बूच बसलं होतं, जुनं जेट परत घातलं होतं. पदूनं ते एका हातानं केलं होतं.

"मला लायसन नाय," पदू म्हणाला.

जमादार पोट हलवून हसले. "मी शेजारी बसलोय ना. कोण अडवतो बघू."

तर पदू पहिल्यांदा सडकेवर गाडी चालवत गेला, जमादारांना शेजारी आणि हेमचंद्रांना मागे घेऊन. डाव्या हाताला केळीचं पान बांधलेलं होतं, त्या हाताची दोन बोटं तेवढी चाकावर टेकत होती. वडाखाली धोंडूबाई मांडीवर मडकं घेऊन बसली होती. पुराव्याचं मडकं शिपायांनी तिलाच धरायला लावलं होतं. हेमचंद्र उतरून शिपायांबरोबर फूटबोर्डवर उभे राहिले. तिच्याबरोबर आत बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ती एकटी मागच्या सीटवर बसली.

"बघ म्हातारे, थाट बघ," जमादार मान वळवून म्हणाले. "तुझ्याच पोराची जबानी, तुझ्याच पोराची गाडी."

पदूनं क्लच सोडला. गाडी धक्का न देता निघाली. मागून खोकला ऐकू आला.

"पदू," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही.

"पेंडा तूच सांगितलास?"

"व्हय."

सडक उतरणीला लागली. पदूनं गिअर बदलला. कानाला कळत होतं की मिश्रण किंचित पातळ आहे, चौथा सिलिंडर उपाशी राहतोय, पाव फेरा स्क्रू सोडायला हवा. त्याला ते ऐकू येऊ नये असं वाटत होतं, आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"कागद दिला का रं त्यानं?"

"नाय अजून. साक्षीनंतर."

फूटबोर्डवरून हेमचंद्र आत वाकले. "बोलू नकोस," ते हळू म्हणाले. "लक्ष रस्त्यावर ठेव."

पदूनं लक्ष रस्त्यावर ठेवलं. मागे धोंडूबाईनं मडकं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं, आणि वळणावर ते कलू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात धरला.

"सही करताना बघून घे," ती म्हणाली. "तुला वाचता येत नाय."